चारचा नियम

दातवाल्या बाईंचा नवरा फार हुशार आहे, असं त्यांच्या नवऱ्याचं मत होतं. बाईंचं मत तेवीस वर्षांच्या संसारात कुणी विचारलं नव्हतं आणि बाईंनीही ते आपणहून सांगितलं नव्हतं. सांगून उपयोग काय? हुशार माणसाची चूक दाखवायला त्याच्याहून हुशार माणूस लागतो, आणि असा माणूस जन्माला आलाय हेच मुळी या गृहस्थांना मान्य नव्हतं.

गृहस्थ बस डेपोच्या पार्सल खिडकीवर कामाला होते. खोकं काट्यावर ठेवायचं, आकडा वाचायचा, चिठ्ठी डकवायची, खोकं मागे ढकलायचं. या कामात डोकं लागत नाही. त्यामुळे ते आठ तास शिल्लक पडायचं आणि संध्याकाळी घरी येऊन पत्त्यांवर खर्च व्हायचं. पत्ते म्हणजे राजा-राणी-गुलामाचे नव्हेत. वर्षभर कुणी न्यायला न आलेल्या पार्सलांचा एकदा डेपोत लिलाव झाला, त्यात यांनी एक खोकं उचललं. आत मिक्सर निघेल अशी बाईंना आशा होती. निघाले दीड हजार रंगीत पत्ते. प्रत्येकावर एखादा राक्षस नाहीतर लढवय्या, आणि खाली बारीक अक्षरात त्याची ताकद. त्यातले साठ निवडून आपण आपला डेक बांधायचा, समोरच्यानं त्याचा बांधायचा, आणि आपले वीस प्राण सांभाळत दुसऱ्याचे वीस घ्यायचे. चाळिशीच्या माणसानं त्या खोक्यात डोकं घातलं ते घातलंच. त्याला आता अकरा वर्षं झाली.

स्टेशनरीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर रविवारी हा खेळ चालायचा. घरात ज्यांचं कुणी ऐकत नाही असे वीस-पंचवीस बाप्ये तिथे प्लायवूडच्या टेबलांवर समोरासमोर बसून एकमेकांना ऐकवायचे. तिथे यांना ‘सेनापती’ म्हणत. पहिल्यांदा कुणीतरी थट्टेनं म्हणालं असणार. पण थट्टा कळायला जी अक्कल लागते तीही पत्त्यांतच गुंतलेली, त्यामुळे यांनी ते नाव मनापासून घेतलं. घरात फोन आला तरी “सेनापती बोलतोय” म्हणायला लागले. बाई तेव्हा स्वयंपाकघरात असल्या तर पदराआड हसून घ्यायच्या.

बाईंचं स्वतःचं काम असं होतं की त्यात थापा चालत नसत. चार दंतवैद्यांच्या कवळ्या त्यांच्या हातून जायच्या. ठशात प्लास्टर ओतून साचा काढायचा, त्यावर गुलाबी मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, मग मेण जाऊन त्याजागी ॲक्रिलिक, मग घासणं, मग चकाकी. लॅबची खोली एवढीशी, खिडकी एक, आणि केसांत कायम प्लास्टरची पूड. कामावर येणाऱ्या नव्या मुलींना त्या पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायच्या. “वरची कवळी हातात घेऊन ‘काय सुंदर’ म्हणू नका. ती कुणासमोर बसणार आहे ते आधी बघा. खालच्या दातांवरून ठरतं वरचे शहाणे की मूर्ख.” मग दोन जबड्यांमध्ये निळा कागद धरायचा आणि दात मिटायचे. जिथे निळा डाग पडेल तिथे घासायचं. डाग कुणाची भीड धरत नाही.

पत्त्यांचं तरी दुसरं काय असतं? डेक एकटा चांगला नसतो की वाईट नसतो. समोर कोण बसलंय त्यावर सगळं. हे बाईंना पहिल्या आठवड्यात कळलं, आणि सेनापतींना कळलं नाही.

बाई या भानगडीत पडल्या त्या लेकीमुळे. घरी सराव करायला समोर कुणीतरी हवं, म्हणून सेनापतींनी आधी मुलीला धरलं. मुलगी तेव्हा दहाची. दोन दिवस बसली आणि तिसऱ्या दिवशी “बाबा, मला अभ्यास आहे” म्हणाली. अभ्यास आहे असं ती आयुष्यात पहिल्यांदाच आपणहून म्हणाली, म्हणून तिला सोडणं भाग पडलं. मग पाळी बाईंची. शत्रूचे खरे पत्ते कोण विकत घेणार? ते बाईंनीच तयार केले. मेणाच्या पट्ट्यांमध्ये कोरे कागद येतात, ते लॅबमधून आणले, साठ तुकडे कापले आणि सेनापती सांगतील तसं प्रत्येकावर लिहिलं. ‘ठिणगी’. ‘पलिता’. ‘कोलीत’. ‘जाळ’. या डेकचं नाव ‘वणवा’. स्वस्त, चपळ लढवय्ये, पहिल्या पाळीपासून धावत सुटायचं आणि समोरचा सावरायच्या आत त्याला संपवायचं.

“घे,” सेनापती कागद पुढे सरकवत म्हणाले होते, “माकडाच्या हाती कोलीत!” आणि आपल्याच विनोदावर पोट धरून हसले होते.

त्यांचा स्वतःचा डेक ‘बांध’. त्याचं सगळं उलटं. मार खायचा, दम धरायचा, वाट बघायची. मग ‘महापूर’ नावाचा पत्ता टाकायचा. टेबलावर जेवढे लढवय्ये असतील तेवढे वाहून जातात. शेवटी ‘जलराक्षस’ बाहेर काढायचा आणि सावकाश जिंकायचं. महापूर साठांत फक्त दोन, म्हणून तो कधी सोडायचा यातच सगळी मेख. लवकर सोडला तर दोन-चार ठिणग्या वाहतात आणि समोरच्याच्या हातातून नवे उतरतात. उशिरा सोडला तर पूर यायच्या आधी आपणच मेलेलो.

पहिल्या संध्याकाळी बाई नियम समजून घेता घेताच हरल्या. सेनापतींनी नवी कोरी वही उघडून तारीख घातली आणि लिहिलं, ‘बांध विजयी’. दुसऱ्या संध्याकाळी बाईंनी लागोपाठ दोन डाव जिंकले. तिथे त्यांना जिंकण्याची किंमत कळली. सेनापतींचं तोंड उतरलं. “थांब, पुन्हा मांड” झालं. मग कोणता पत्ता आधी आला असता तर काय झालं असतं याचं व्याख्यान झालं. जेवण गार झालं. गार झालं म्हणून नाराजी झाली. वहीत त्या दिवसाची ओळ पडली नाही, कारण “तू अजून शिकतेयस, ते धरायचे नसतात.”

तिसऱ्या दिवसापासून बाई हरायला लागल्या.

हरण्यातही कसब असतं. फार ढिसाळ हरलं तर “नीट खेळ” म्हणून डाव पुन्हा. झुंजून हरलं तर वेळ जातो. बाईंनी आठवड्याभरात सर्वांत जवळची वाट शोधून काढली. हातात येईल तो लढवय्या टेबलावर उतरवायचा. चार झाले की सेनापती डोळे बारीक करून महापूर टाकायचे, चारही वाहून जायचे, बाईंचा हात रिकामा, खेळ खलास. वीस मिनिटांत जेवणाची पानं मांडता यायची. संशय नको म्हणून शंभरातले एकोणतीस डाव त्या जिंकायच्या, भाजीत मीठ घालावं तसे, चवीपुरते. त्या दिवशी त्या तीनच उतरवायच्या आणि बाकीचे हातात राखायच्या. सेनापतींनी तीनवर महापूर सोडला तरी मागून नवे तीन, न सोडला तरी मरण.

आता या हुशार माणसानं यातून काय शोध लावावा? चार असताना महापूर सोडला की विजय. तीन असताना सोडला की पराभव. वहीत अकरा वर्षांचा पुरावा. त्यांनी त्याला ‘चारचा नियम’ असं नाव दिलं, लाल शाईत लिहिलं, चौकटीत बसवलं आणि हॉलच्या भिंतीवर टांगलं. समोर चार लढवय्ये झाल्याशिवाय महापूर सोडू नये. खाली जय-पराजयाचे तक्ते: बांध विरुद्ध वणवा, शंभरात एकाहत्तर. हॉलमधले बाप्ये ते तक्ते आपापल्या वह्यांत उतरवून घ्यायचे. वणवा खेळणारेही बिनधास्त चार उतरवायचे, कारण तक्त्यावर तसंच लिहिलेलं. म्हणजे बाईंना जेवायची घाई होती म्हणून पंचवीस माणसं वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं मरत होती.

या वर्षी सेनापती अंतिम सामन्यात पोचले. जिंकणाऱ्याला राजधानीतल्या मोठ्या स्पर्धेत जागा. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी डेपोत आठवड्याची रजा टाकली, कपाटावरची बॅग खाली काढली आणि वास जावा म्हणून गॅलरीत उघडी ठेवली. समोर कोण, तर तीन महिन्यांपूर्वी हॉलमध्ये येऊ लागलेला एक फ्रीज दुरुस्त करणारा. वणवा खेळणारा. “वणवा!” सेनापती घरात येऊन म्हणाले. “देवच पावला. एकाहत्तर टक्के!”

बाईंना तेव्हा काही वाटलं नाही. पोरखेळ तो पोरखेळ. वाटलं ते मंगळवारी.

लॅबमधला फ्रीज बंद पडला. ॲक्रिलिकची बाटली थंड ठेवावी लागते, म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तिशीचा, गुबगुबीत, बडबड्या. फ्रीज ओढून त्यानं मागचं झाकण काढलं, आणि त्याच्या पिशवीतून प्लास्टिकच्या म्यानात घातलेल्या पत्त्यांची डबी बाहेर घरंगळली. बाई मशीनवर कवळी घासत होत्या.

“खेळता वाटतं?” त्यांनी सहज विचारलं.

“रविवारी फायनल आहे, बाई! खरं सांगू? खेळायचीसुद्धा गरज नाही. आमच्याकडे एक सेनापती आहेत. चार झाल्याशिवाय महापूर सोडत नाहीत. तसं भिंतीवर फ्रेम करून लावलंय! म्हणजे घरमालकानंच पाटी लावावी, किल्ली पायपुसण्याखाली आहे म्हणून. मी तीन उतरवतो आणि गप्प बसतो. ते बसतात चौथ्याची वाट बघत. बघतात, बघतात आणि मरतात.” तो इतका हसला की त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पडला. “या तुम्ही रविवारी. तोंड बघण्यासारखं होईल त्यांचं.”

बाईंना आधी हसूच येत होतं. अगदी ओठांपर्यंत आलं आणि तिथे आंबट झालं. या माणसाला बाई अकरा वर्षं मनातल्या मनात हसत आल्या होत्या; पण तो हक्क त्यांनी कमावला होता, गार जेवणं जेवून. हा कोण टिकोजीराव लागून गेला? आणि हसतोय तो कशाला? नियम सेनापतींचा नव्हताच. नियम बाईंचा होता. जळल्यासारखा वास आला म्हणून त्यांनी खाली बघितलं. चाकाखाली कवळीचा सुळा पार घासला गेला होता. अठ्ठावीस वर्षांच्या कामात असं झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी तीन कागद उतरवले आणि हात आवरला.

“चौथा उतरव,” सेनापती म्हणाले.

“नाही उतरवत.”

“अगं, आहे ना तुझ्याकडे. पलिता आहे. कागदातून शाई दिसतेय मला.”

“असू दे. आहे तिथे बरा आहे तो.”

“वणवा असा खेळत नाहीत.”

“तुमचा फ्रीजवाला असाच खेळतो. आज आमच्याकडे आला होता. तीनवर थांबतो म्हणाला. तुमची पाटी वाचून थांबतो म्हणाला.”

सेनापतींनी पत्ते खाली ठेवले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं, लहान मुलाची लबाडी पकडल्यासारखं. “आणि तू त्यावर विश्वास ठेवलास. अगं, डावपेच आहे तो! तुझ्याकडून माझ्यापर्यंत पोचावं म्हणूनच बोलला.”

“त्याला माहीतही नव्हतं मी कोण ते.”

“तसं दाखवलं.”

बाईंनी पुढचे पाच डाव जिंकले. एकामागून एक, रागानं, तीन-तीन उतरवून. सेनापतींनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. “आजचे धरायचे नाहीत,” ते म्हणाले. “तू वणवा खेळलीच नाहीस.”

पालथ्या घड्यावर पाणी. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. शुक्रवारी सेनापतींनी सरावच बंद केला. म्हणाले, सामन्याआधी चुकीची सवय लागायला नको.

शनिवारी संध्याकाळी ते शर्टाला इस्त्री करत होते. बाई दारात उभ्या राहिल्या. सांगायचं तर आज, नाहीतर कधीच नाही. न सांगितलं तर उद्या पंचवीस माणसांसमोर त्या गुबगुबीत पोराच्या हातून यांचं हसं होणार, आणि राजधानीची जागा जाणार. सांगितलं तर त्या वहीतलं काहीच राहणार नाही. वही गेली की या माणसाकडे उरतं काय? वजनकाटा. असल्या फुटकळ खेळासाठी आपण एवढा विचार करतोय याचाही बाईंना संताप आला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “मी हरायचे ना, ते मुद्दाम हरायचे.”

इस्त्री थांबली.

“जेवण गार व्हायचं म्हणून. चार उतरवायचे, तुम्ही महापूर टाकायचा, आणि उठायचं. चारचा नियम बियम काही नाही. उद्या तीनवर सोडा, दोनवर सोडा, समोर बघून सोडा. पण त्या पाटीवर जाऊ नका.”

सेनापती बाईंकडे बघून मनापासून, मायेनं हसले. “मुद्दाम हरायलासुद्धा खेळ कळावा लागतो, बाईसाहेब,” ते म्हणाले, आणि कॉलरवर पाणी शिंपडून इस्त्री पुढे ढकलली.

बाई तिथून निघून गेल्या. मरू दे, त्या स्वयंपाकघरात स्वतःशी म्हणाल्या. मरू दे तिथे जाऊन. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी खरं सांगितलं, तर म्हणे बाईसाहेब!

आणि तरीही रविवारी त्या हॉलवर गेल्या. जिना अरुंद, वर पंखे घरघरतायत, सगळीकडे पुरुषांच्या घामाचा आणि नव्या प्लास्टिकचा वास. भिंतीवर मधोमध ती फ्रेम. बाईंनी आपल्या भुकेचं ते लाल शाईतलं स्मारक पहिल्यांदा पाहिलं.

“बाई, तुम्ही!” फ्रीजवाला खुर्चीतून अर्धा उठला. “आलात की खरंच!”

“हो. आमचे यजमान खेळतायत ना.”

“कोण?”

बाईंनी हनुवटीनं दाखवलं. फ्रीजवाल्याचे कान लाल झाले आणि तो खाली बसून उगाच पत्ते पिसत राहिला. बाई मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. हॉलचा नियम होता की बघ्यानं तोंड उघडलं तर ज्याच्यासाठी उघडलं तो हरला. बाईंना तोंड बंद ठेवायची सवय होतीच.

तीन डावांचा सामना, दोन जिंकेल तो जाणार. पहिल्या डावात फ्रीजवाल्यानं तीन उतरवले आणि थांबला. सेनापती वाट बघत बसले. हातात महापूर, समोर तीन, दर पाळीला प्राण गळतायत. विसाचे चौदा, चौदाचे आठ, आठाचे दोन. चौथा आला नाही. डाव गेला. कुणीतरी म्हणालं, “पत्तेच साथ देत नाहीत सेनापतींना.” सेनापतींनी मान डोलावली. नाचता येईना अंगण वाकडं, बाई मनात म्हणाल्या; आणि इथे तर अंगण यांनीच फ्रेम करून लावलेलं.

दुसऱ्या डावात पुन्हा तीन, पुन्हा थांबला. सेनापतींचे बारा प्राण राहिले होते. त्यांनी वर फ्रेमकडे बघितलं. मग मान वळवून बाईंकडे बघितलं. बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या, कारण चेहऱ्यावर काही दिसलं असतं तर ती लबाडी झाली असती. मग टेबलावर पत्ता आपटल्याचा आवाज आला आणि हॉलमधून एकच “अरे!” उठलं. तीनवर महापूर. फ्रीजवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं घाईघाईत दोन नवे उतरवले, तोवर जलराक्षस बाहेर आला होता. डाव सेनापतींचा.

ऐकलं होतं तर! इस्त्री करता करता हसला, पण ऐकलं होतं. त्या क्षणी बाईंना वाटलं, हा जावा राजधानीला, बॅग मी स्वतः भरून देते.

तिसरा डाव. फ्रीजवाला काही मूर्ख नव्हता. त्यानं दोनच उतरवले. बाकी सगळे हातात धरून तो बसून राहिला.

बाईंना लगेच दिसलं. दोघांची कामं आता बदलली होती. धावणारा थांबून वाट बघत होता, म्हणजे वाट बघणाऱ्यानं धावायचं. दोन ठिणग्या आहेत तर राहू देत, त्या काय करणार? जलराक्षस बाहेर काढा आणि सरळ अंगावर जा. तो हात राखतोय, म्हणजे आत्ता टेबलावर तो दुबळा आहे. काढा! काढा ना! त्यांनी हाताची मूठ इतकी आवळली की नखं तळव्यात रुतली.

सेनापती वाट बघत होते. कशाची, ते बाईंना त्यांच्या डोळ्यांत दिसलं. तिसऱ्याची. चारचा नियम गेला होता आणि त्याजागी तीनचा नियम येऊन बसला होता. या माणसाला आकडा हवा होता. समोरचा माणूस त्याला कधी दिसतच नव्हता. आणि दिसणार तरी कसा? अकरा वर्षं त्याच्यासमोर कुणी बसलंच नव्हतं. भूक लागलेली एक बायको बसली होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं बाई मनात म्हणाल्या खऱ्या, पण पीळ घातला कुणी? अकरा वर्षं मधे निळा कागद न धरता त्यांनीच ही कवळी बसवली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तिसरा काही आला नाही. दोन ठिणग्यांनी कुरतडत कुरतडत वीसचे वीस प्राण घेतले. सेनापतींनी हातातले पत्ते टेबलावर पालथे ठेवले. बाजूच्या कुणीतरी ते उलटून पाहिले. दोन महापूर आणि जलराक्षस. मागच्या रांगेतून खिदळणं ऐकू आलं. गेल्या रविवारपर्यंत हीच माणसं तक्ते उतरवून घेत होती. बाईंनी त्या रांगेकडे असं बघितलं की खिदळणं तिथेच मिटलं.

दोघं घरी आली. गॅलरीत बॅग तशीच आ वासून पडली होती. सेनापतींनी ती मिटली, कपाटावर ठेवली आणि जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन बसले. उघडली मात्र नाही.

“किती?” त्यांनी विचारलं.

“किती काय?”

“मुद्दाम किती हरलीस?”

“जाऊ द्या आता. मी वाढतेय.”

“सांग.”

थोडेफार, म्हणता आलं असतं. निम्मे म्हटलं असतं तरी त्यांनी रात्रभरात उरलेल्या निम्म्यांचा नवा नियम काढला असता आणि पुढच्या रविवारी तो भिंतीवर टांगला असता. बाईंनी पदराला हात पुसले, वही ओढून घेतली आणि पानं मागे मागे उलटत नेली. लाल शाई, निळी शाई, विजयी, विजयी, विजयी. अगदी पहिल्या पानावर, पहिल्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

“हा खरा आहे.”

“आणि?”

“हाच. त्या दिवशी मला खेळ येत नव्हता.”

सेनापतींनी वही जवळ ओढली. आता व्याख्यान येणार, बाईंना वाटलं. त्या पानावर दुसऱ्या दिवसाची जागा नव्हतीच; पहिल्या ओळीखाली थेट तिसऱ्या दिवसाची तारीख होती. त्या दोन ओळींमधल्या फटीत सेनापतींनी नख फिरवलं.

“दुसऱ्या दिवशी तू दोन जिंकली होतीस,” ते म्हणाले. “ठिणगीनं एक. जाळानं एक.”

“तुम्हाला आठवतंय?”

“लिहिले नव्हते,” सेनापती म्हणाले. “म्हणून आठवतात.”

बाईंना एकदम इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे कळलं होतं! पहिल्याच आठवड्यात कळलं होतं समोर कोण बसलंय ते, आणि अकरा वर्षं या माणसानं त्या फटीवर वही मिटून ठेवली होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

“मग आता लिहा,” त्या म्हणाल्या. “आणि हात धुऊन जेवायला या. गार होतंय.”